उत्पादन वाढते, बेरोजगारीचा दरही कमी. मग नोकऱ्या कुठे आहेत?

प्रश्न: विकसनशील अर्थव्यवस्थेत राष्ट्रीय उत्पन्न वेगाने वाढत असते आणि बेरोजगारीचा दर अनेकदा श्रीमंत देशांपेक्षाही कमी असतो, तरीही शिकलेल्या तरुणांना स्थिर काम मिळत नाही. ही विसंगती मोजणीतील आहे की रचनेतील?

उत्तर १: मोजणी चुकीची नाही, पण तिचा अर्थ मर्यादित आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषानुसार, पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते. बेरोजगार ठरण्यासाठी मात्र नुसते रिकामे असणे पुरत नाही, तर काम शोधत असावे लागते आणि ते करण्यास उपलब्धही असावे लागते. जिथे बेकारभत्ता नाही, तिथे गरिबाला बेकार राहणेच परवडत नाही. तो फेरीचा धंदा करतो, नातेवाइकाच्या दुकानात बसतो किंवा चौघांना पुरेल एवढ्या शेतीकामात सहावा होऊन राबतो. शोधून थकलेला तर श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या वा शोधणाऱ्यांच्या, गणतीतूनच बाहेर पडतो.

उत्तर २: रचनेचा वाटाही मोठा आहे. शेतीतील अतिरिक्त मनुष्यबळ आधुनिक उद्योगांत सामावले जाईल, असे प्रतिमान अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडले होते; परंतु आजच्या कारखान्याला तेवढ्याच उत्पादनासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी कमी माणसे लागतात. त्यात हॅरिस आणि टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवलेली गुंतागुंत अशी, की गावाकडचा माणूस शहरातील वेतनाला ते मिळण्याच्या शक्यतेने गुणून निर्णय घेतो, आणि त्यामुळे शहरात थोड्या नोकऱ्या वाढवल्या की त्यांच्या आशेने येणारे त्याहून अधिक असू शकतात. सुशिक्षितांची बेकारी चांगल्या नोकरीची वाट पाहणाऱ्यांच्या याच रांगेचा एक भाग आहे, अर्थात घरच्यांच्या आधारावर थांबणे ज्यांना शक्य असते त्यांचीच ती रांग.

प्रश्नकर्ता: मग कौशल्य प्रशिक्षणाने फरक पडणार नाही का?

उत्तर १: मागणी नसेल तर प्रशिक्षणाने रांगेतील क्रम बदलतो, रांग आखूड होत नाही. बेरोजगारीच्या दराऐवजी नियमित वेतनावरील कामगारांचे प्रमाण, कामाचे तास, स्त्रियांचा सहभाग आणि असंघटित कामाचा वाटा पाहावा. श्रम संघटनेच्या २०१८ मधील अंदाजानुसार जगातील सुमारे २०० कोटी, म्हणजे ६० टक्क्यांहून अधिक कामकरी माणसे अनौपचारिक, म्हणजे असंघटित, रोजगारात होती, आणि बेरोजगारीच्या दरात ती सगळी 'कामाला लागलेली' म्हणूनच दिसतात.