मदत हवी आहे: जिनिंगमधल्या कामगारांची छाती तपासायची आहे, पण 'सोमवार' कुठला धरायचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या तीन जिनिंग-प्रेसिंगमधल्या (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांतल्या) कामगारांच्या श्वसनाच्या त्रासावर अभ्यास करायचा आहे. समाजवैद्यक विभागातला पदव्युत्तर प्रबंध आहे, भर बिसिनोसिसवर. म्हणजे कापसाच्या धुळीने छाती आवळते, सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि पुढच्या दिवसांत ती सैल होत जाते.

अडचण अशी, की पुस्तकातली सगळी मांडणी कापड गिरणीची आहे: रविवारी सुट्टी, सोमवारी पाळीच्या आधी आणि नंतर तपासणी. आपल्याकडे हंगामात जिनिंग रात्रंदिवस चालते, पाळी १२ तासांची, आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही. मग तपासणी कोणत्या दिवशी करायची?

हाताशी एक स्पायरोमीटर आहे (फुंकून फुप्फुसातली हवा मोजणारं मशीन; ते बरोबर मोजतं का हे तपासायला ३ लिटरची सिरिंज आहे), दोन पीक फ्लो मीटर (फुंकरीचा कमाल वेग मोजणारी छोटी यंत्रं), आणि मिनिटाला २ लिटर हवा ओढणारा एक पंप. तिन्ही ठिकाणी मिळून साधारण १४० माणसं: मशीनवर कापूस सारणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या बाया, पाला हाऊसमधले (प्रेसआधी रुई साठवतात तिथले), प्रेसवरचे, हमाल, फिटर. धूळ कशी मोजावी आणि तुलनेसाठी कोणाला घ्यावं, यावरही मार्गदर्शन हवं आहे.

फुंकर

डॉक्टर, आधी दिवसाचं बोलू. कारण तो चुकला तर उत्तम मशीन असूनही काहीच सापडणार नाही आणि 'आजार नाही' असा चुकीचा निष्कर्ष छापला जाईल. सलग काम करणाऱ्या माणसात हा परिणाम दबतो. दहा-बारा दिवस खंड न पडता कामावर असलेल्याला फुंकायला लावलं, तर पाळीआधी आणि पाळीनंतरचा आकडा जवळपास सारखाच येऊ शकतो.

'सोमवार' अख्ख्या जिनिंगचा धरू नका, प्रत्येक कामगाराचा वेगळा धरा. हजेरीपट रोज बघा. जो किमान ४८ तास कामाबाहेर होता, त्याचा परतीचा दिवस हा त्याचा पहिला दिवस. लग्नकार्य, आजारपण, गावची जत्रा यामुळे अशी माणसं रोज दोन-चार मिळतात. दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर, भाव पडून आवक थांबल्यावर किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर एकदम बरीच मिळतात. त्याच माणसाची दुसरी तपासणी सलग कामाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी घ्या. दोन दिवसांतला फरक हाच तुमचा मुख्य निकाल.

दिवसपाळीचेच लोक घ्या. फुप्फुसाची ताकद दिवसभरात आपोआप बदलते. पहाटे सगळ्यात कमी, दुपारकडे थोडी वाढते. रात्रपाळीचे आकडे मिसळले की हा नैसर्गिक चढउतार आणि धुळीचा परिणाम वेगळा काढता येत नाही. सकाळच्या तुलनेत दुपारचा आकडा नुसता तेवढाच राहिला, तरी तो थोडा कमी झाल्यासारखाच आहे, हे विश्लेषणात लिहा.

पहिली फुंकर शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी, फाटकाजवळच्या खोलीत. दुसरी ६ ते ८ तासांनी. पाळी संपल्यावर नको. घरी जायची घाई असते, माणूस अर्धवट फुंकतो. पोटभर जेवणानंतरही लगेच नको. बिडी ओढली असेल तर तासभर थांबा. गुटखा-तंबाखूची चूळ भरून घ्या, सैल कवळी असेल तर काढायला सांगा, कमरेला घट्ट खोचलेला पदर सैल करायला लावा. बसवून, नाकाला चिमटा लावून, निदान ६ सेकंद फुंकायचं. तीन स्वीकारता येतील अशा फुंकरी हव्यात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोनमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. सिरिंजने रोज सकाळी मशीन तपासा. ३ लिटरला ३ टक्क्यांच्या आत उत्तर आलं पाहिजे.

वेळेचा हिशोब आधीच करा. एका माणसाला १२ मिनिटं धरली तर सकाळी ७ ते ८ मध्ये पाच जण होतात. १४० जणांची दोन-दोन दिवस तपासणी म्हणजे ५६ सकाळी. ६० जण निवडले तर २४. म्हणून कामाच्या प्रकारानुसार गट पाडून ६० निवडा. संख्येचं गणितही जमतं: फरकाची सरासरी त्याच्या प्रमाण विचलनाच्या (आकडे किती विखुरलेत त्याच्या मापाच्या) निम्मी असेल, तर ८० टक्के क्षमतेला (खरा फरक असल्यास तो सापडण्याच्या शक्यतेला) ३४ जोड्या पुरतात. बाकीचे गळतीसाठी आणि गटवार तुलनेसाठी.

निकाल जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८३ च्या वर्गवारीत मांडा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा पाळीभरात ५ टक्क्यांपेक्षा कमी घटली तर परिणाम नाही, ५ ते १० सौम्य, १० ते २० मध्यम, २० च्या वर तीव्र. इथे माणसाची तुलना स्वतःशीच असल्याने 'अपेक्षित मूल्य' (त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाचा आकडा) कोणत्या सूत्राने काढायचं हा वाद येत नाही. तो वाद कायमच्या नुकसानीची वर्गवारी करताना येतो.

पीक फ्लो मीटर पुरावा म्हणून नको. ज्यांचा आकडा घटलाय त्यांच्या घरी द्या. दिवसातून चार वेळा, दोन आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. दरवेळी तीन फुंकरी, त्यातली सगळ्यात मोठी लिहायची.

एक गोष्ट विसरू नका: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्याची आधी थुंकी तपासा. क्षयरोग्याला बंद खोलीत जोरात फुंकायला लावणं धोक्याचं आहे. थुंकीतून रक्त पडणारे, नुकतंच ऑपरेशन किंवा हृदयविकाराचा झटका आलेले यांना फुंकायला लावूच नका. प्रत्येकाला नवीन फिल्टर, त्यात काटकसर नको.

धूळमाप

धुळीचं सांगतो. कापसाच्या धुळीचं ठरलेलं यंत्र म्हणजे उभा एल्युट्रिएटर. मिनिटाला ७.४ लिटर हवा ओढतो, तरंगणारा रुईचा फोसका खाली राहतो आणि साधारण १५ मायक्रॉनपेक्षा बारीक धूळच ३७ मिमीच्या फिल्टरवर येते. अमेरिकेची सूतगिरणीसाठीची मर्यादा (घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम) याच यंत्रावर बेतलेली आहे. आणि ती मर्यादा जिनिंगला लागूच नाही, त्या नियमातून जिनिंग वगळलेलं आहे. त्यामुळे 'मर्यादेच्या इतके पट' असं लिहिताना कोणती मर्यादा, कोणत्या यंत्राची, हे स्पष्ट करा.

तुमचा २ लिटरचा पंप माणसाच्या कमरेला आणि फिल्टर गळ्याजवळ लावा. तो एकूण धूळ मोजेल, फोसक्यासकट. आकडा मोठा येईल, तो ०.२ शी ताडू नका. हिशोब सोपा आहे: ३६० मिनिटं गुणिले २ लिटर म्हणजे ७२० लिटर, म्हणजे ०.७२ घनमीटर. फिल्टरचं वजन १.८ मिलिग्रॅमने वाढलं तर १.८ भागिले ०.७२, म्हणजे घनमीटरला २.५ मिलिग्रॅम.

चुकतं ते वजनात. मिलिग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा लागेल, तो औषधनिर्माण किंवा रसायनशास्त्राच्या महाविद्यालयात मिळू शकतो. फिल्टर आधी आणि नंतर एकाच खोलीत, सारख्या दमटपणात २४ तास ठेवूनच वजन करा. दर दहा फिल्टरमागे एक कोरा सोबत न्या-आणा, त्याच्या वजनात झालेला बदल सगळ्यांतून वजा करा. पंपाचा प्रवाह पाळीच्या आधी आणि नंतर मोजा. फोसक्याने तोंड चोंदलं की प्रवाह घसरतो. ५ टक्क्यांपेक्षा जास्त घसरला तर तो नमुना टाकून द्या.

स्वस्त प्रकाश-सेन्सरवाली हवामापकं वजनाच्या जागी वापरू नका. कुठे जास्त, कुठे कमी, एवढा नकाशा काढायला ठीक.

रुई-सरकी

वरच्या दोघांनी मोजमापाचं नीट सांगितलंय. मी जिनिंगच्या आतलं सांगतो, कारण महिन्यागणिक माल बदलतो आणि मालाबरोबर धूळ बदलते.

पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस त्यातल्या त्यात स्वच्छ असतो. जानेवारी-फेब्रुवारीत फरदड (मुख्य वेचण्यांनंतर तसंच ठेवलेल्या पिकाचा उशिराचा कापूस) येते: सुकून चुरा झालेली पाती, बोंडाचे तुकडे, कवडी. या आजाराचं मूळ धाग्यात कमी आणि या कचऱ्यात जास्त आहे. बोंडाच्या बुडाशी असलेल्या पात्यांवर वाढणाऱ्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) श्वासनलिका आवळतं. अवकाळीत भिजलेला माल असेल तर आणखी वाईट. म्हणून तपासणी फक्त नोव्हेंबरात उरकली तर चित्र खरा त्रास दाखवणार नाही. त्या दिवशी कोणता माल चालू होता, कुठल्या भागातून आला, ओला की कोरडा, याचा रकाना ठेवाच.

दुसरं म्हणजे पाणी. रुईवर पाणी मारतात, त्या दिवशी हवेतली धूळ बसते. पाणी मारलं का, किती वाजता, हे लिहा. नाहीतर दोन जिनिंगमधला फरक पाण्याचा की पंख्याचा, कळणार नाही.

जागेनुसार पाहाल तर नमुने या ठिकाणी घ्या: गाडी खाली करताना गंजीजवळ, मशीनच्या ओळीत, पाला हाऊसमध्ये, प्रेसच्या पेटीत रुई टाकणाऱ्यापाशी, आणि मागे कचरा पडतो तिथे. मागच्या बाजूला झाडणाऱ्या बायांना हमखास वगळलं जातं, कारण त्या 'जिनिंगवर' गणल्या जात नाहीत. हवेच्या नळीने मशीन झटकतात त्या दहा-पंधरा मिनिटांत जेवढी धूळ उडते, तेवढी तासाभराच्या चालू कामातही उडत नाही. तो प्रकार कोण करतो, ते विचारा. बहुतेक वेळा फिटरचा मदतनीस.

फिटरचं आणखी एक. डबल रोलर मशीनच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या असतात, त्या क्रोमने कमावलेल्या. रोलर घासून खाचा पाडताना उडणारी धूळ कापसाची नव्हे, क्रोमियम असलेल्या चामड्याची असते. तो गट वेगळा ठेवा, हातांवरची खाज-चट्टे बघा.

गोदाकाठ

खूप आभार. फरदडीचा मुद्दा आराखड्यात नव्हताच, आता दोन फेऱ्या ठेवते: डिसेंबर आणि फेब्रुवारी. तुलनेच्या गटासाठी मोंढ्यातले (धान्यबाजारातले) हमाल घ्यावेत असं वाटत होतं. आणि बायांच्या बाबतीत चुलीचा धूर कसा वेगळा काढायचा?

फुंकर

मोंढ्यातले हमाल नकोत. धान्याची धूळ, तुरीचा भुसा, त्यातही एंडोटॉक्सिन असतं. दोन्ही गट आजारी निघतील आणि फरक शून्य दिसेल. भाजी मंडईतले हमाल आणि त्याच गावातल्या, जिनिंगवर कधी न गेलेल्या शेतमजूर बाया घ्या. मजुरी, वय, बिडीचं प्रमाण जवळपास सारखं हवं.

चुलीबद्दल नुसतं 'चूल आहे का' विचारून भागणार नाही. सरपण कोणतं (पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, लाकूड), किती वर्षं, दिवसातून किती तास, स्वयंपाकघर बंदिस्त की पडवीत, गॅस असूनही पाण्यासाठी चूल पेटते का, हे विचारा. दीर्घकाळच्या खोकल्यात चुलीचा वाटा येईल. पण पहिला दिवस आणि पाचवा दिवस यांच्यातल्या फरकात तो फारसा येत नाही, कारण चूल दोन्ही दिवशी पेटलेली असते. जोडीने तुलना करण्याचा हाच मोठा फायदा.

हक्काचं_बोला

अभ्यासात कोणी आजारी सापडला की पुढे काय, हे संशोधनाच्या आचारसमितीला अर्ज करतानाच लिहून द्या. बिसिनोसिस कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होता. कलम ८९ प्रमाणे तपासणाऱ्या डॉक्टरवरही कळवण्याची जबाबदारी होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही कळवण्याजोगे आजार आहेत. राज्यात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येतं.

आणि हे नीट लक्षात घ्या: कापूस जिनिंग-प्रेसिंग हा कायद्याने 'हंगामी कारखाना' आहे, म्हणून कर्मचारी राज्य विमा योजनेतून बाहेर. या कामगारांकडे ईएसआयचं कार्ड नसणं हा नोंदीतला घोळ नाही, कायद्यातच ती तरतूद आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, भाग 'क' मध्ये, कापसाच्या धुळीचे फुप्फुसविकार होते. पण तिथे सलग नोकरीचा पुरावा लागायचा आणि हंगामी माणसाकडे नेमका तोच नसतो. म्हणून प्रत्येकाचा कामाचा इतिहास हंगामनिहाय लिहा: कोणत्या साली, कोणतं काम, किती महिने. तुमच्या अभ्यासालाही तो लागणारच आहे.

संमती ठेकेदार किंवा मुकादमासमोर घेऊ नका. वैयक्तिक निकाल मालकाला देऊ नका, गटाचे आकडे द्या. कामगाराला त्याचा कागद मराठीत द्या आणि आकडा घटलेला असेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी सोबत.

फुंकर

एक राहिलंच. जे आज कामावर आहेत ते टिकलेले लोक आहेत. ज्यांची छाती धरली ते दोन-तीन हंगामांत काम सोडून जातात आणि तुमच्या मोजणीत येतच नाहीत. म्हणून मागच्या दोन हंगामांच्या हजेरीपटावरून सोडून गेलेल्यांची यादी काढा आणि त्यातल्या २०-२५ जणांना गावी जाऊन भेटा. मार्चनंतर हे कागद ठेकेदाराबरोबर जातात. तेव्हा यादी आत्ताच, डिसेंबरच्या फेरीतच उतरवून घ्या. गावाचं नाव आणि घरातल्या कोणाचा तरी फोन नंबर घेऊन.