स्टीयरिंग पूर्ण फिरवताना इंजिन बंद पडते : प्रेशर स्विच कसा तपासावा?

नमस्कार. माझी जुनी पेट्रोल गाडी केबलच्या थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि हायड्रॉलिक पॉवर स्टीयरिंगची आहे. इंजिन थंड असताना आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) १२०० आरपीएमच्या आसपास असते आणि तापत जाईल तसे ८०० वर येऊन स्थिरावते, त्यामुळे कूलंटचा तापमान सेन्सर ठीक असावा. एसी लावल्यावरही ते सावरते. मात्र पार्किंगमध्ये जागच्या जागी स्टीयरिंग शेवटपर्यंत फिरवले की काटा ५०० च्या खाली घसरतो, दिवे मंदावतात आणि इंजिन बंद पडते. आमच्या सोसायटीच्या उतारावर अशा वेळी स्टीयरिंग एकदम जड होते, आणि ही गाडी वडीलही चालवत असल्याने मला खरोखर काळजी वाटते.

थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा एअर व्हॉल्व्ह साफ करून घेतला आहे. एसीचा भार हा व्हॉल्व्ह पेलतो, म्हणजे हवा वाढवण्याची यंत्रणा चालू आहे; स्टीयरिंगच्या भाराची वर्दीच ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) मिळत नसावी, असा माझा अंदाज आहे. इंजिनचा वेग मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवरून वेग घसरल्याचे त्याला कळते खरे, पण ते भार आल्यानंतर, आणि तोवर उशीर झालेला असतो. पंपाच्या हाय प्रेशर लाइनवरचा स्विच हीच वर्दी दाब वाढताक्षणी देतो.

गॅरेजमध्ये थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू थोडा आवळून आयडलिंग वाढवण्याचा सल्ला मिळाला. तो मला पटला नाही, कारण त्याने थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे बंद स्थितीतले व्होल्टेज सरकते आणि पाय पेडलवर नसतानाही थ्रॉटल उघडा आहे, असा ईसीयूचा समज होऊ शकतो. मूळ दोष तर तसाच राहील.

आता माझा प्रश्न असा. स्विचचा कनेक्टर काढून, इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या कुणाला तरी स्टीयरिंग काही सेकंदच टोकापर्यंत फिरवायला सांगायचे आणि स्विचचे टर्मिनल व बॉडी अर्थ यांच्यात मल्टिमीटरने कंटिन्युइटी (विद्युत जोडणी होते का ते) पाहायची, ही पद्धत बरोबर आहे का? माझ्या गाडीचा स्विच एका वायरचा आहे. तो ठीक निघाल्यास ईसीयूपर्यंतची वायर शाबूत आहे की नाही, हे स्कॅनरशिवाय कसे पाहावे? आणि पंपच जड फिरत असेल तर स्विच बदलूनही उपयोग होणार नाही, तेव्हा पंपाचा दोष वेगळा कसा ओळखावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.