स्प्लिंटची सवय लागते का?
घोट्याला स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार, लावला की मुलाचा पाय आळशी होतो, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. भाच्याला ब्लड कॅन्सरसाठी व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध सुरू होतं तेव्हा त्याचं पाऊल वर उचललंच जाईना. या औषधाने नसांना इजा होते आणि सगळ्यात लांबच्या, म्हणजे पावलाच्या नसांना आधी. अंगठा चटईत अडकायचा, चपलेचं टोक झिजून गेलेलं. आम्ही अशक्तपणा समजून बसलो, ही चूकच झाली. स्प्लिंट घातल्यावर अडखळून पडणं थांबलं. ताई रोज टॉवेलने त्याची पोटरी ताणायची, कारण पोटरी आखडली तर नस सुधारूनही टाच टेकत नाही.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये त्या प्लास्टिकच्या आत पाय घामाने भिजतो. सुती मोजा घाला, दुपारी बदला. संध्याकाळी स्प्लिंट काढून टाच आणि घोटे नीट बघा. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर स्प्लिंट घासतोय, लगेच बनवणाऱ्याकडून दुरुस्त करून घ्या. पाय बधिर असतो, पोर दुखतंय म्हणून सांगणारच नाही, आणि केमोत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना छोटी जखमही चिघळते.