सयामचा राजपुत्र, झारचं घोडदळ आणि विमानं?

भटकी_मैना: बँकॉकला डॉन मुआंग विमानतळावर उतरले. दोन धावपट्ट्यांच्या मध्ये चक्क गोल्फ चालू होता! पण प्रश्न वेगळा आहे. थाई हवाई दलाचा जनक म्हणून राजपुत्र चक्रबोंगसेंचं नाव सांगतात, आणि हेच गृहस्थ रशियन घोडदळात होते म्हणे. हे कसं काय जुळतं?

फिटरकाका: जुळतं ना! चक्रबोंगसे म्हणजे आपला 'चक्रवंश'. राजा चुलालोंगकोर्न यांचा मुलगा, जन्म 1883. लष्करी शिक्षणासाठी पीटर्सबर्गला झारच्या पेजेस कोअर या लष्करी शाळेत गेला, पुढे हुसार घोडदळात अधिकारी झाला. परतल्यावर यथावकाश सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, लष्कराचा मुख्याधिकारी. 1911 मध्ये बँकॉकच्या रेसकोर्सवर एका बेल्जियन वैमानिकाने विमान उडवून दाखवलं. 1912 मध्ये तीन अधिकारी शिकायला फ्रान्सला गेले, त्यामागे हाच.

मी हवाई दलात बावीस वर्षं विमानांची चाकं आणि ब्रेक सांभाळले, म्हणून मला यातली जमिनीची गोष्ट सगळ्यात आवडते. ते तिघे अधिकारी परतल्यावर आधी रेसकोर्सवरच उडायची. जागेचं नाव सा पथुम, म्हणजे पद्मसरोवर. नावातच तळं! लाकडी-कापडी विमान, ओली जमीन. चाक रुतलं की नाक मातीत. म्हणून उत्तरेला उंचवट्यावरची जागा शोधली आणि मार्च 1914 मध्ये तिथे विमानं उतरली. तेच तुमचं डॉन मुआंग. 'डॉन' म्हणजेच उंचवटा.

1918 मध्ये, पहिल्या महायुद्धात, सयामने बाराशेच्या वर माणसं फ्रान्सला पाठवली, त्यात वैमानिकही होते. त्यांचं प्रशिक्षण संपेपर्यंत युद्धच संपलं. लॉरीवाल्या तुकडीने मात्र काम केलं. आमच्या जमिनीवरच्या लोकांसारखंच, नाव कोणी घेत नाही.

शेवंता_७१: काका, कात्याला विसरलात! कीव्हची नर्स. 1906 मध्ये दोघांनी घरी न कळवता कॉन्स्टँटिनोपलला लग्न केलं, आणि त्याने तिला सिंगापूरला ठेवून आधी एकट्यानेच बँकॉक गाठलं. वडिलांपुढे बोलायची हिंमत नाही, बाकी हुसार!

फिटरकाका: ताई, मान्य. 1919 मध्ये घटस्फोटही झाला. 1920 मध्ये सिंगापूरलाच फ्लूचा न्यूमोनिया होऊन गेला, वय 37. मोठा भाऊ राजा, त्याला मुलगा नव्हता. म्हणून तोवर गादीचा वारस हाच. पुढे 1924 च्या कायद्याने परदेशी बायको असलेल्यांना गादी बंद झाली.

भटकी_मैना: म्हणजे मी थेट त्याच्याच उंचवट्यावर उतरले होते! फोटो टाकते, पण बरेचसे गोल्फवाल्यांचेच आलेत.