बोलवर ग्लेझ टिकतच नाही, भट्टीत सरकून मणी होतात

चाकावर_नवीन
मी पुण्यात सिरॅमिक्स शिकतेय, दुसरं वर्ष. पहिले चार महिने सेंटरिंगच जमत नव्हतं, आता कोपर मांडीवर घट्ट टेकवून बसले की अर्ध्या किलोचा गोळा मिनिटभरात मध्यावर येतो, भिंतीही बऱ्यापैकी सारख्या ओढता येतात. पण ग्लेझने, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराने, रडवलंय. परवा सहा बोल (वाडगे) भट्टीतून निघाले, स्टोनवेअर म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती, १२२० डिग्री, आणि चारांवर ग्लेझ जागोजागी मागे सरकून मणी झालेत, मधे उघडी माती दिसते. त्यातला एक आईच्या वाढदिवसासाठी होता, खूप वाईट वाटलं. सर म्हणाले जाड लागलंय, एवढंच. पण ग्लेझच्या बादलीत एकदा बुडवलं की रंगच येत नाही म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत बुडवले होते. नेमकं काय चुकतंय?

राख_आणि_वाळू
दुसऱ्या दिवशी परत बुडवलेस ना, तिथेच झालं. पहिला थर पूर्ण सुकलेला असतो, वर ओलं ग्लेझ आलं की तो पाणी पिऊन फुगतो आणि मातीवरची पकड सोडतो, मग सुकताना बारीक भेगा पडतात, उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो अगदी तशा. भट्टीत ग्लेझ वितळलं की त्या भेगांपासून मागे हटून गोळा होतं, अळवावरचं पाणी. भट्टीत ठेवायच्या आधी बोल उजेडात धरून बघ, भेगा दिसल्या तर बोटाने हलक्या चोळून बुजव, फार मोठ्या असतील तर सरळ धुऊन परत लाव. दोन थर द्यायचेच असतील तर पहिल्याची ओली चमक गेली की लगेच दे.

आणि रंग येत नाही म्हणतेस तर बादली तळापासून ढवळतेस का? ग्लेझमधली खनिजांची पूड, फेल्डस्पार, सिलिका, सगळं खाली बसतं आणि वरचं पाणीच बोलला लागतं. १०० मिली मोजून वजन कर, बुडवायच्या ग्लेझला साधारण १४० ते १५० ग्रॅम चालतं. जो आकडा तुमच्या ग्लेझला मानवेल तो वहीत लिहून ठेव, डोळ्यावर विसंबू नकोस.

माठवाला
आमचं घर कुंभाराचं, बाबा माठ करतात, मातीत घोड्याची लीद आणि राख मळतात, लीद आव्यात जळून जाते, बारीक छिद्रं राहतात, म्हणून पाणी पाझरतं आणि गार होतं. घरी ग्लेझचा प्रश्नच नाही, मी ते कोर्सला शिकलो. ताई, धूळ आणि तेल पण बघा. माझ्या एका मगवर बोटांच्या ठशांएवढ्याच जागा उघड्या निघाल्या, तेव्हा कळलं की सकाळी डोक्याला तेल लावून तसाच आलो होतो. बिस्क (ग्लेझ लावायच्या आधी एकदा भाजलेलं भांडं) ओल्या स्पंजने पुसायचं, नीट सुकू द्यायचं आणि मग कडेलाच धरायचं. घासायचं असेल तर ओलं घासा, सिलिकाची धूळ छातीत जाते, मास्क लावाच.

आणखी एक, घरची लाल माती १२२० ला नेऊ नका. मी नेली, भांडं पापडासारखं बसलं आणि शेल्फला चिकटलं.

राख_आणि_वाळू
आईचा बोल टाकू नकोस. जरा गरम कर, उघड्या जागी दाट ग्लेझ थोडा डिंक घालून ब्रशने लाव, परत भट्टीत दे. दरवेळी जमतं असं नाही, पण बरेचदा भरून येतं. तळाची कड मात्र दोन-तीन मिलिमीटर पुसून घे.

चाकावर_नवीन
आज बादलीत हात घातला, तळाला चार बोटं घट्ट गाळ! वरचं १०० मिली १२८ ग्रॅम भरलं, अर्धा तास ढवळून चाळल्यावर १४६. तीन टेस्ट टाइल्स बुडवल्यात, तीन अंक मोजून, एकाच वेळी. एकीवरही भेग नाही. आईचा बोल डिंक लावून शेजारीच सुकतोय, गुरुवारी भट्टी लागणार आहे, फोटो टाकते.