बियाणे दिले, पण पद्धत रुजली नाही: जिरायत रब्बी ज्वारीविषयी सल्ला हवा

प्रश्न | कोथरूडचा गावकरी

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहतो. माझे मूळ गाव शिरूर तालुक्यात, कालव्याचे पाणी न पोहोचणाऱ्या पट्ट्यात आहे. गावाबाहेर नोकरी करणाऱ्या आम्ही आठ जणांनी दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढली आणि दीड ते तीन एकर जिरायत जमीन असलेल्या बावीस शेतकऱ्यांना फुले वसुधा या रब्बी ज्वारीच्या सुधारित वाणाचे बियाणे मोफत दिले. सोबत पेरणीपासून काढणीपर्यंतची माहिती देणारे चार पानी पत्रकही होते. बी मिळायला उशीर झाल्यामुळे वाटप ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाले. पुढच्या हंगामात त्यांपैकी केवळ तिघांनी तो वाण पुन्हा पेरला. बाकीचे सगळे आपल्या जुन्या मालदांडी वाणाकडे परतले. माझे एक चुलते म्हणाले, "बी वाईट नव्हतं रे, पण आमच्या माळावर ते पोसलंच नाही."

यंदा पुन्हा प्रयत्न करावा असे वाटते, परंतु तीच चूक नव्याने करायची नाही. सुधारित पद्धत लहान शेतकऱ्यांच्या गळी उतरवायची असेल, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ | निवृत्त कृषी सहायक, हडपसर

आपल्या चुलत्यांच्या एका वाक्यातच आपले उत्तर आहे. फुले वसुधा हा भारी, खोल जमिनीचा वाण आहे. रब्बी ज्वारी पावसावर नव्हे, तर जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते, आणि ती ओल किती दिवस पुरणार हे मातीच्या खोलीवर ठरते. म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशी खोलीनुसार वेगवेगळ्या आहेत: सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा किंवा फुले माउली, ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, त्याहून खोल जमिनीसाठी फुले वसुधा किंवा फुले यशोदा. मालदांडी ३५-१ मध्यम जमिनीत आजही हिमतीने उभी राहते. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच तिची निवड झाली होती, त्यामुळे तिच्याकडे परतणाऱ्या शेतकऱ्याला मागासलेला समजण्याचे कारण नाही.

म्हणून बियाणे घेण्याआधी एक पहार घेऊन बावीसही शेतांत जा आणि प्रत्येक शेतात तीन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम कोठे लागतो ते शेतकऱ्यासमोर मोजा. बांधाजवळ गाळ साचून माती खोल असते आणि चढाला मुरूम वीतभरावर लागतो, त्यामुळे एकाच शेतात दोन वाण पेरावे लागणेही शक्य आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पेरणीचा योग्य काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा आहे. त्याआधी पेरल्यास खोडमाशी पोंगे मर करते, म्हणजे रोपाचा मधला कोंब वाळवते, आणि नंतर पेरल्यास ओल हातातून निसटते. हलकी जमीन लवकर वाळते, म्हणून तिथे या काळाच्या सुरुवातीलाच पेरणी उरकलेली बरी. आपले वाटप पत्रकानुसार वेळेत असले, तरी माळरानासाठी ते उशिराचेच होते.

खताविषयी थोडक्यात सांगतो. हलक्या जमिनीला हेक्टरी २५ किलो नत्र पुरते. तेही पेरणीच्या वेळीच बी आणि खत एकदम पेरणाऱ्या दोन चाड्यांच्या पाभरीने मातीत गेले पाहिजे, कारण नंतर कोरड्या मातीवर फेकलेला युरिया पिकाच्या मुळाशी पोहोचत नाही.

उत्तर २ | इंदापूरची शेतकरी

दादांचे म्हणणे योग्य आहे, परंतु माती जुळली म्हणजे बाई-माणसे नवा वाण स्वीकारतील असे समजू नका. आमच्याकडे ज्वारी निम्मी माणसासाठी आणि निम्मी जनावरासाठी असते. कडबा शेकडा पेंढ्यांवर विकला जातो आणि दुष्काळी वर्षी त्याचा पैसा धान्यापेक्षाही मोलाचा ठरतो. त्यामुळे दाणा थोडा जास्त आला, पण ताट बुटके राहिले किंवा म्हशीने ते हुंगून सोडले, तर त्या वाणाचा निकाल गोठ्यातच लागतो. भाकरी थापताना पीठ चिकटपणा धरते का आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ राहते का, हे तर पत्रकात कोणी लिहीतच नाही.

माझा स्वतःचा अनुभव पाखरांचा आहे. एका वर्षी मी एकटीने वीस गुंठ्यांत लवकर येणारा वाण पेरला. शेजारची ज्वारी हिरवी होती आणि माझी दुधात भरली होती, त्यामुळे शिवारातली सगळी पाखरे माझ्याच रानात उतरली. पंधरा दिवस माचणावर उभे राहून गोफण फिरवली, तरी कणसांचे शेंडे रिकामेच निघाले. लोकांनी ते रान पाहिले आणि वाणालाच दोष दिला. तेव्हा लवकर येणारा वाण द्यायचा असेल, तर तो एका कडेच्या चार-पाच शेतकऱ्यांना लागून द्या, म्हणजे नुकसान वाटले जाईल आणि राखणही वाटली जाईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर | कोथरूडचा गावकरी

दोघांचेही आभार. "गळी उतरवणे" हा माझा शब्दच चुकीचा होता, हे आता लक्षात आले. आमची वर्गणी मर्यादित आहे. एकच काम करता येणार असेल, तर कोणते करावे?

उत्तर ३ | निवृत्त कृषी सहायक, हडपसर

बियाण्यावर एक रुपयाही खर्च न करता जुलै-ऑगस्टमध्ये सारा यंत्राचे भाडे भरा. सारे, म्हणजे लांब पट्टे, पाडून बळीराम नांगराने आडवे दंड (मातीचे छोटे बांध) टाकले की शेतात लहान लहान बंदिस्त वाफे तयार होतात आणि परतीचा पाऊस ओढ्याला न जाता जागेवर मुरतो. याचा लाभ शेतकऱ्याला त्याच्याच मालदांडीवर दिसतो, हे महत्त्वाचे. नवे बी आणि नवी पद्धत एकदम दिली, तर फरक कशामुळे पडला हे त्याला कळत नाही. प्रत्येकाच्या शेतात अर्धा भाग वाफ्यांचा आणि अर्धा नेहमीसारखा ठेवा. डिसेंबरमध्ये कोणत्या भागाची पाने आधी सुकतात, ते तोच तुम्हाला फोन करून सांगेल.

बीजप्रक्रिया मात्र सोडू नका. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणाऱ्या काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम ३०० मेश (अगदी बारीक) गंधक लागते; एकराला चार किलो बियाणे धरले, तर १६ ग्रॅम. पारावर घमेले ठेवून सर्वांचे बी एका सकाळी चोळून होते. मी पत्रके वाटली, तेव्हा ती चुलीत गेली; घमेले ठेवले, तेव्हा शेजारच्या वाडीतूनही माणसे पिशवी घेऊन आली.

उत्तर ४ | इंदापूरची शेतकरी

थोडे पैसे उरले, तर ओळींमधली माती हलवणाऱ्या कोळप्यांवर घाला. काळ्या रानाला भेगा पडतात, त्या पेरणीनंतर आठव्या आठवड्यातल्या दातेरी कोळप्याने, म्हणजे तिसऱ्या कोळपणीने, बुजतात. परंतु बैल विकल्यापासून तिसरी कोळपणी कोणी करत नाही. गावात एखादी बैलजोडी राहिली असेल, तर तिचे भाडे तुम्ही भरा. आणि काढणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून कित्येकांनी ज्वारीच सोडली आहे. मुळासकट उपटून काढण्याचे ते काम कंबर मोडणारे आहे. वर्गणीदार आठजण सुट्टी काढून फेब्रुवारीत गावी आले, तरी एखादे रान उरकेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर | कोथरूडचा गावकरी

येत्या रविवारी पहार घेऊन गावी जात आहे. पहिला खड्डा चुलत्यांच्या माळावर घेईन आणि मुरूम किती सेंटिमीटरवर लागला, ते येथेच कळवीन. फेब्रुवारीच्या सुट्टीविषयी बाकीच्या सातजणांना अजून सांगितलेले नाही.