चांगली सुशी कुठे आणि कशी शोधलीत? आपापले अनुभव लिहा

मला सुशी मनापासून आवडते, नव्या शहरात गेले की पहिला शोध तिचाच असतो, म्हणून हा धागा काढतेय. देशात, परदेशात, मोठ्या हॉटेलात, सुपरमार्केटात, जिथे कुठे चांगली खाल्ली असेल ते लिहा आणि मुख्य म्हणजे ती चांगली आहे हे कशावरून ठरवलंत तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. माझं ठाम मत, मासा नंतर, आधी भात बघायचा. निगिरीचा, म्हणजे हाताने वळलेल्या आंबट भाताच्या गोळीवर माशाचा तुकडा ठेवतात त्या सुशीचा, भात कोमट हवा, व्हिनेगरचा आंबटपणा कळला पाहिजे पण झोंबता कामा नये, शितं एकमेकांना धरून असावीत आणि तोंडात गेल्यावर सुटावीत. फ्रीजमध्ये ठेवला की भात कडक आणि कोरडा होतो, मग त्यावर कितीही महागाचा ट्यूना ठेवा, काही उपयोग नाही. पुण्यात एका मॉलमध्ये असलाच गारढोण भात ताटात आला होता आणि बिल मात्र दणदणीत. मुंबईत वांद्र्याचं इझुमी माझं सगळ्यात लाडकं, शेफ नूरेशा काब्लींनी २०१८ मध्ये सुरू केलेलं, तिथे भाताकडे खरंच लक्ष असतं. ताजमधलं वसाबी बाय मोरिमोतो पण सुंदर, पण ते वाढदिवस, प्रमोशन अशा दिवसांसाठी.

*

ताई, भाताबद्दल शंभर टक्के सहमत. मी टोकियोत निशी-कसाईला राहतो, इथे आपली भारतीय मंडळी भरपूर. भारतातून कोणी आलं की पहिला प्रश्न जिरो या प्रसिद्ध सुशी हॉटेलाचा. गिंझातलं सुकियाबाशी जिरो २०१९ च्या नोव्हेंबरात मिशेलिनच्या, म्हणजे हॉटेलांना तारे देणाऱ्या गाइडच्या, यादीतून निघालं, पण चव बिघडली म्हणून नाही हां, सर्वसामान्य माणसाला तिथे बुकिंगच मिळत नाही म्हणून. तर त्याच्या मागे लागून सुट्टी घालवू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

त्यापेक्षा पट्ट्यावरची सुशी खा, म्हणजे काइतेन. शिराइशी नावाच्या गृहस्थांनी बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा बघून १९५८ साली ओसाकाजवळ पहिलं दुकान काढलं. आता सुशिरो, कुरा, हामा अशा साखळ्या गल्लोगल्ली आहेत, बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या स्क्रीनवर ऑर्डर द्यायची आणि ताटली सुर्रकन तुमच्यासमोर येऊन थांबते. कुरात रिकाम्या पाच ताटल्या टेबलाच्या फटीत सारल्या की स्क्रीनवर एक खेळ लागतो, जिंकलं तर छोटं खेळणं पडतं, आमची पोरं त्या पाचव्या ताटलीसाठी काकडीचा रोलसुद्धा मुकाट्याने संपवतात.

आणि एक, शेफ समोर उभा राहून सुशी करून देतो अशा भारी काउंटरवर जायचंच असेल तर दुपारी जा. बऱ्याच ठिकाणी तोच शेफ, तेच हात, पण जेवणाचा दर रात्रीपेक्षा पुष्कळ कमी. शेफने समोर ठेवलं की लगेच उचलायचं, फोटोत पाच मिनिटं घालवली की ताई म्हणतात तो कोमटपणा गेलाच. सोया सॉस माशाच्या बाजूने लावायचा, भाताच्या नाही, नाहीतर भात सुटतो. हाताने खाल्लं तरी चालतं, आपल्याला ते सोपंच.

*

जर्मनीत कोणी असेल तर ड्युसेलडॉर्फ. इमरमानश्ट्रासे आणि आजूबाजूला अख्खी जपानी वस्ती आहे, किराणा, बेकऱ्या, पुस्तकांची दुकानं, सगळं. आम्ही राहतो तिथे सुशी म्हणजे क्रीम चीज घातलेले रोलच जास्त, म्हणून दोन तास ट्रेनने तिकडे जातो. माझी खूण सोपी आहे, आजूबाजूच्या टेबलांवर जपानी आजी-आजोबा निवांत जेवत असतील तर बसायचं.

*

मी मूळचा रत्नागिरीचा, कामानिमित्त ओसाकाला येणंजाणं असतं. आमच्याकडे सगळे विचारतात, अरे मिरकरवाडा बंदरावर एवढी ताजी सुरमई येते, मग कच्ची का नाही खायची? तर मित्रांनो, ताजी म्हणजे कच्ची खाण्याजोगी असं नसतं. समुद्री माशात अनिसाकिस नावाची अळी असू शकते. ती मारायला मासा उणे २० अंशाला सात दिवस किंवा उणे ३५ ला गोठवून मग पंधरा तास ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजरच्या भरवशावर हे करू नका. व्हिनेगर, लिंबू, वसाबी यांनी ती मरत नाही. म्हणून मी कुठल्याही नव्या हॉटेलात बिनधास्त विचारतो की मासा कुठून येतो आणि कसा गोठवता. नीट उत्तर देणाऱ्याकडे जेवतो, उडवाउडवी केली की भाजीचा रोल खाऊन निघतो.

आता ओसाकाची गंमत. तिथे बात्तेरा म्हणून प्रकार मिळतो. साबा मासा, म्हणजे आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ, आधी मिठात, मग व्हिनेगरात मुरवायचा, लाकडी साच्यात भातावर दाबून बसवायचा, वर कोंबूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, पारदर्शक पापुद्रा, आणि मग चौकोनी तुकडे. पहिला घास घेतला तेव्हा डोळे मिटले, तेलकट, आंबट, खारट, सगळं एकदम, बांगड्यावर वाढलेल्या माणसाला याहून काय हवं! सामन, म्हणजे सॅल्मन माशाची सुशी सगळ्यांना आवडते, मलाही आवडते, पण जपान्यांनी ती कच्ची खायला लागायला १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला मत्स्यशेतीतला सामन तिकडे नेऊन खपवावा लागला. साबा मात्र त्यांचा घरचा.

*

आम्ही न्यू जर्सीला, घरी सगळे शाकाहारी आणि सगळेच सुशीप्रेमी, हो असं असू शकतं. एजवॉटरच्या मित्सुवा या जपानी सुपरमार्केटात जातो. कानप्यो रोल मिळाला तर नक्की घ्या. तो चक्क भोपळ्याचा, आपल्या दुधीच्याच जातीचा, लांब पट्ट्या काढून वाळवायच्या, मग सोया आणि साखरेत शिजवायच्या. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांनी एक खाल्ला आणि रेसिपीच मागितली. पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याचा रोल पण मस्त.

पण कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. इनारी म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, कानप्यो, अंड्याचा तामागो, यांत पुष्कळदा दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, वापरतात आणि दाशीत सुकवलेला बोनिटो मासा असतो. मेनूवर हिरवं पान काढलंय म्हणून विश्वास ठेवू नका. काकडी आणि अवोकाडो त्या मानाने सुरक्षित.

*

घरी करणाऱ्यांसाठी लिहितो. पुण्यात जपानी तांदूळ महाग पडतो, मी इंद्रायणी वापरतो. चिकटपणा छान येतो, फक्त नेहमीपेक्षा पाणी कमी घाला, नाहीतर गिचका. तीन वाट्या तांदळाला पाव वाटीच्या थोडं वर राईस व्हिनेगर, तीन चमचे साखर, दीड छोटा चमचा मीठ, हे जरा गरम करून विरघळवायचं, भात गरम असतानाच पसरट ताटात घेऊन वर शिंपडायचं आणि उलथण्याने कापल्यासारखं फिरवायचं, घोटायचं नाही. दुसऱ्या हाताने पंखा घाला, भात चकचकीत दिसतो. आंबेमोहोरने पण करून बघितलं, पण त्याचा वास बाकी सगळ्यावर मात करतो. कच्च्या माशाच्या भानगडीत घरी पडत नाही, उकडलेली कोळंबी, काकडी, आंबा.

*

निशी-कसाईवाले दादा, एप्रिलमध्ये आईला घेऊन टोकियोला येतेय, ती मासे खाते पण कच्चं म्हटलं की नाक मुरडते. कुठे नेऊ?

*

काकूंना काइतेनलाच आणा. उकडलेली कोळंबी, सॉस लावलेली शिजवलेली ईल, वरून बर्नरने भाजलेला सामन, तळणीचे प्रकार, सगळं असतं, स्क्रीनवर इंग्रजी पण आहे. शनिवार-रविवार दुपारी रांग लागते, अॅपवरून नंबर लावून ठेवा. सकाळी त्सुकिजीच्या मासळी बाजाराच्या भागात चक्कर मारा, घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसूला गेला पण बाहेरची दुकानं तिथेच आहेत, काडीवरचं गरम आमलेट मिळतं. दाशी असते त्यात, पण काकू मासे खातात म्हणजे प्रश्न नाही. दुपार व्हायच्या आत जा, नंतर दुकानं आवरायला लागतात.